बाटली उघडण्याआधी तण बघा: सवानातल्या भाताबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीवर थोडं लिहिलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. बरेच प्रश्न तिकडे फार्मवर नोकरी करणाऱ्या आपल्या मराठी मुलांचे आहेत, काही इकडच्या शेतकऱ्यांचे. सगळ्यांचा रोख एकाच गोष्टीवर, तण आणि तणनाशक. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, सवाना म्हणजे उंच गवताचा, मधेमधे झाडं असलेला प्रदेश. नायजेरियाचा मधला आणि उत्तरेकडचा भाग, बेनिन, टोगो, घाना, आयव्हरी कोस्टचा उत्तर भाग हे सगळं त्यात येतं. भात होतो त्या बऱ्याच भागात पाऊस वर्षातून एकदाच, मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान, आणि नंतर हरमाटनचा कोरडा धुळीचा वारा. भात तिथे दोन ठिकाणी, वरच्या उताराच्या जमिनीवर आणि खालच्या पाणथळ खोलगटात, ज्याला हौसा भाषेत फडामा म्हणतात. हा वरचा-खालचा फरक डोक्यात ठेवा, पुढच्या अर्ध्या उत्तरांची किल्ली तिथेच आहे.

प्रश्न : सर, मी मूळचा बार्शीचा, दोन वर्षं झाली नायजेरियात नायजर राज्यात बिडाजवळ फार्मवर आहे. खाली फडामात फारो ४४ ही भाताची जात लावतो आणि वरच्या जमिनीवर पेरून नेरिका जातीचा भात. गेल्या हंगामात पेरणीनंतर वीस दिवसांनी दोन्हीकडे बिस्पायरिबॅक हे तणनाशक मारलं. खाली रिझल्ट एक नंबर आला, वर मात्र गवत तसंच उभं, शेवटी बायका लावून खुरपून घेतलं आणि बजेट बोंबललं. औषध डुप्लिकेट होतं का?

उत्तर : भाऊ, डुप्लिकेट असतं तर खाली पण रिझल्ट आला नसता ना. औषध खरंच होतं, पण वरचं तण वेगळं होतं आणि वरचं पाणीही वेगळं होतं.

फडामात बांध घालून ५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं की ते पाणीच निम्मं तणनाशक असतं, बहुतेक गवतांचं बी पाण्याखाली उगवतच नाही. उरतं ते पाखड (भातासारखंच दिसणारं गवत), मोथ्याच्या जातीचे लव्हाळे आणि काही रुंद पानाची, आणि ह्या तिघांवर बिस्पायरिबॅक चांगलं चालतं. वरच्या जमिनीवर पाणी उभं राहतच नाही. पहिल्या पावसाला भात आणि तण एकाच दिवशी उगवतात, त्यात तण दोन पावलं पुढे, कारण ते त्या मातीतलंच आहे. वर तुमच्याकडे बहुतेक डिजिटेरिया असणार, जमिनीला धरून पसरणारं बोटाबोटासारख्या तुऱ्याचं गवत, आणि शिवाय रॉटबोलिया, ज्याच्या खोडाची लव अंगाला टोचते आणि खाज येते. बिस्पायरिबॅकचा डिजिटेरियावर नीट ताबा नाही. म्हणजे तुम्ही योग्य औषध चुकीच्या तणावर मारलंत.

आता किती नुकसान होतं याचा अंदाज असावा म्हणून सांगतो, आफ्रिकेतल्या भाताच्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून जे लिहिलं गेलंय त्यात तण अजिबात काढलं नाही तर रोवणीच्या पाणथळ भातात २८ ते ७४ टक्के उत्पादन जातं, पाणथळीतच थेट पेरलेल्या भातात २८ ते ८९ टक्के, आणि वरच्या जमिनीवरच्या भातात ४८ ते १०० टक्के. शंभर टक्के म्हणजे कापायलाच काही राहत नाही. मी स्वतः असं शेत पाहिलंय, लांबून हिरवंगार, जवळ गेल्यावर भाताची काडी शोधावी लागत होती.

म्हणून वरच्या जमिनीवर उगवणीआधीचं औषध हा पाया धरा. पेंडीमिथॅलिन हेक्टरी १ ते दीड किलो सक्रिय घटक (म्हणजे बाटलीतलं खरं तण मारणारं औषध), पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, ओलसर जमिनीवर. ऑक्साडायझॉनही त्याच कामाचं आहे. पण यात दोन गोष्टी लोक चुकतात आणि मग औषधाला शिव्या घालतात. एक, जमीन कोरडी असली तर औषध वरच पडून राहतं, उन्हानं त्याचा जोर जातो, पाऊस येईपर्यंत तण वर आलेलं असतं. दुसरं, सवानातली वरची माती बहुतेक रेताड आणि सेंद्रिय अंश अगदी कमी, त्यामुळे फवारणीनंतर धो धो पाऊस आला की औषध बियापर्यंत खाली उतरतं आणि भाताचीच मुळं आखडतात. म्हणून बी ३ सेंटिमीटर खोल पडलं पाहिजे आणि वरून मातीनं नीट झाकलं गेलं पाहिजे. फेकून पेरलेल्या आणि उघड्या राहिलेल्या बियावर पेंडीमिथॅलिन मारू नका. रेताड जागी डोस खालच्या बाजूचाच ठेवा.

आणि हे केल्यावरही एक खुरपणी लागतेच, साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या आत. तुमच्या मॅनेजमेंटला हे आधीच बजेटमध्ये दाखवा. तणनाशकानं तीन खुरपण्यांची एक होते, शून्य होत नाही. भाताचे पहिले सहा आठवडे स्वच्छ गेले की पुढे भात स्वतःच सावली धरतो, ते सहा आठवडे विकत घेण्यासाठी औषध आहे.

प्रश्न : नमस्कार सर. मी घानाच्या उत्तर भागात, टमालेच्या बाजूला असतो. प्रोपॅनिल हे तणनाशक मारल्यावर चार दिवसांत भात पिवळा पडून टोकं जळली. लेबलवर तर भाताला सेफ लिहिलंय. डोस जास्त नव्हता, मी स्वतः उभा होतो. आठवडाभर आधी खोडकिडीसाठी क्लोरपायरीफॉस मारलं होतं, त्याचा काही संबंध असेल का?

उत्तर : तुम्ही शेवटच्या ओळीत स्वतःच उत्तर दिलंय. संबंध आहे आणि तोच आहे.

प्रोपॅनिल भाताला का मारत नाही हे समजून घ्या. ते आत गेल्यावर भाताच्या पानातलं एक एन्झाइम ते तोडून टाकतं, पाखडात ते एन्झाइम नसल्यासारखंच, म्हणून पाखड जळतं आणि भात वाचतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटाची कीटकनाशकं, म्हणजे क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, कार्बारिल, कार्बोफ्युरान वगैरे, नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतात. मग भात आणि पाखड यांच्यात प्रोपॅनिलला फरकच दिसत नाही. दोन्ही फवारण्यांमध्ये पुढे-मागे किमान १४ दिवस अंतर ठेवा, आणि एका टाकीत मिसळायचा तर विचारही नको.

मला हे माहीत आहे कारण माझ्या हातून हेच झालंय. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी, आठ दिवसांचं अंतर पुरेल असं समजून, जवळपास दोन हेक्टर भात मी करपवला. ज्याचं शेत होतं तो म्हातारा माणूस, एक शब्द बोलला नाही, फक्त करपलेलं पान तोडून माझ्या हातात दिलं. ते अजून विसरलेलो नाही.

तुमचा भात मरणार नाही बहुतेक. वाढीचा कोंब हिरवा आहे का ते रोप चिरून बघा, हिरवा असेल तर दहा-बारा दिवसांत नवीन पान येईल. पाणी असेल तर धरून ठेवा आणि थोडा युरिया द्या, पण पान सावरायला लागल्यावर, आत्ता लगेच नाही.

प्रोपॅनिलबद्दल अजून एक, ते पानाला लागेल तेवढंच जाळतं, जमिनीत काही शिल्लक ठेवत नाही. म्हणून गवत दोन-तीन पानांवर असतानाच मारायचं, पाखडाला फुटवे फुटले की ते वरून करपून खालून परत येतं. मारायच्या आधी खाचरातलं पाणी काढून तण उघडं करायचं आणि एक-दोन दिवसांनी पाणी परत घ्यायचं, म्हणजे मागून उगवणारं दबतं. ढग भरून आले असतील तर त्या दिवशी पंप उचलू नका.

प्रश्न : पंपात नेमकं किती टाकायचं? इथले मजूर दुधाच्या छोट्या डब्यानं मोजतात, सगळ्या औषधांना एकच डबा.
(नायजेरियातल्याच काडुना इथून एका वाचकाचा)

उत्तर : हा डबा मी पण पाहिलाय आणि त्यानं जेवढं नुकसान केलंय तेवढं टोळानं केलं नसेल.

आधी पंप तपासा. १० बाय १० मीटरचा तुकडा मोजा, पंपात साधं पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीनं तो तुकडा फवारा, किती पाणी गेलं बघा. २ लिटर गेलं तर हेक्टरी २०० लिटर. पंप १६ लिटरचा असेल तर हेक्टरी साडेबारा पंप, म्हणजे एका पंपात आपले जवळपास ८ गुंठे. माणूस बदलला की चाल बदलते, म्हणून प्रत्येक फवारणाऱ्याचं वेगळं मोजा. तणनाशकाला पट्टा पडणारी तोटी वापरा, कीटकनाशकाची गोल फवाऱ्याची नको.

आता हिशोब. बिस्पायरिबॅक १० टक्के असेल तर हेक्टरी २५० मिली, म्हणजे पंपाला २० मिली. प्रोपॅनिल लिटरला ३६० ग्रॅमचं असेल आणि हेक्टरी ३ किलो सक्रिय घटक द्यायचा असेल तर हेक्टरी सव्वाआठ लिटरच्या वर जातं, पंपाला साडेसहाशे मिलीच्या पुढे. तो दुधाचा डबा साधारण दीडशे मिलीचा धरला तर पहिल्या औषधाचा सातपट डोस पडला आणि दुसऱ्याचा पाव सुद्धा नाही. एका शेतात भात आखडला, दुसऱ्या शेतात तण हसलं, आणि दोन्ही शेतकरी म्हणणार औषध खोटं. बाजारात खोटं औषध पण असतंच हो, सील तुटलेली, लेबल वाकडं चिकटवलेली, नाफडॅकचा (तिथली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नंबर नसलेली बाटली नायजेरियात घेऊच नका, पण सगळा दोष बाटलीवर टाकण्याआधी माप बघा. मेडिकलमध्ये मिळतं तसं रेषा असलेलं प्लास्टिकचं माप प्रत्येक टोळीला द्या, कपड्याला खिसा असेल तर त्याला दोरीनं बांधून द्या.

प्रश्न : नवीन जमीन घेतलीय, सगळी उंच टोकदार गवतानं भरलेली, इथले लोक दर वर्षी जाळतात तरी परत येतं. ग्लायफोसेट मारून लगेच पेरलं तर चालेल का?

उत्तर : ते इम्पेराटा, टोक भाल्यासारखं म्हणून स्पिअरग्रास म्हणतात. जाळून ते का जात नाही, तर त्याचा जीव जमिनीखालच्या कांड्यांत आहे, आपल्या हरळी-कुंद्यासारखाच. आग वरची पानं खाते आणि खालच्या कांड्यांना रान मोकळं करून देते, जाळणं हे त्या गवताच्या फायद्याचंच आहे.

लगेच पेरलं तर नाही चालणार. पावसाळ्याच्या सुरुवातीला नवीन फूट गुडघाभर होऊ द्या, पान जोमात असतानाच औषध खालच्या कांड्यांपर्यंत जातं. मग ग्लायफोसेट हेक्टरी १.८ किलोच्या आसपास, म्हणजे लिटरला ३६० ग्रॅमवालं असेल तर ५ लिटर. दोन-तीन आठवडे थांबा, पूर्ण पिवळं पडू द्या, मगच नांगर. घाईनं दुसऱ्या दिवशी नांगरलं तर कांड्या तुटून एकाचे दहा होतात. पाणी स्वच्छ वापरा, ओढ्याचं गढूळ पाणी घेतलं तर औषध चिखलाच्या कणांना चिकटून तिथेच संपतं. आणि शिया ह्या तेलबियांच्या झाडाची लहान रोपं असतील तर ती वाचवा, ग्लायफोसेट हिरवं काही सोडत नाही आणि त्या झाडाच्या बियांवर गावातल्या बायकांचा वर्षाचा पैसा असतो.

घाई नसेल तर अजून एक रस्ता आहे जो मला मनापासून आवडतो. बेनिनच्या दक्षिणेला शेतकऱ्यांनी ह्याच गवतावर म्युकुना पसरवला, म्हणजे आपली खाजकुइलीच, पण खाज नसलेली जात. तो वेल एका हंगामात गवतावर गादीसारखा चढतो, सावलीनं खालचं गवत मरतं, शिवाय जमिनीला नत्र मिळतं. एक हंगाम पीक जातं हे खरं, पण ज्याच्याकडे जमीन आहे आणि औषधाला पैसा नाही त्याला हे परवडतं.

प्रश्न : दादा, मी लातूर जिल्ह्यातला. आमच्याकडे ज्वारीवर टारफुला येतो, आजोबा त्याला शापच म्हणायचे. तुमच्या लेखात आफ्रिकेत भातावर पण टारफुला येतो असं ओझरतं वाचलं. भातावर कसा काय? आणि त्यावर तणनाशक नाही का?

उत्तर : तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटला कारण टारफुला म्हटल्यावर मला काही समजावून सांगावंच लागत नाही, तुम्ही ती फुलं आणि खाली वाळलेलं ताट पाहिलेलं आहे.

हो, तोच वंश, स्ट्रायगा, पिकाच्या मुळांवर जगणारं परजीवी तण. सवानात वरच्या जमिनीवर ज्वारी, बाजरी, मका आणि भात आलटून पालटून येतात, म्हणून तो भातावरही बसतो. त्याचं बी धुळीसारखं बारीक, एका झाडाला हजारोंनी, आणि जमिनीत दहा-दहा वर्षं जिवंत राहतं. ते आपणहून उगवत नाही, यजमानाचं, म्हणजे ज्यावर तो जगतो त्या पिकाचं, मूळ जवळ आलं आणि त्यातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचा पदार्थ झिरपला की मगच उगवतं. आणि इथे गंमत अशी की हा पदार्थ मूळ जास्त कधी सोडतं, तर जमिनीत स्फुरद कमी असला की, कारण ते मदतीला येणाऱ्या बुरशीला बोलावत असतं. भुकेल्या पिकाची हाक हा चोर ऐकतो. म्हणून हलक्या, खत न मिळालेल्या जमिनीतच टारफुला माजतो, तुमच्या आजोबांनी पण हे पाहिलं असणार की उकिरड्याजवळच्या पट्ट्यात तो कमी असतो.

तणनाशक आहे का, तर २,४-डी ह्या रुंद पानाच्या तणांवरच्या औषधानं वर आलेला टारफुला जळतो, पण तो वर यायच्या आधीच जमिनीखाली महिनाभर पिकाचं रक्त पिऊन झालेलं असतं. यावर्षीचं पीक वाचत नाही, फक्त बी पडायचं थांबतं. तेही कमी नाही, फूल यायच्या आधी उपटा किंवा जाळा, पण उपाय म्हणून त्यावर अवलंबून राहू नका. खरा इलाज जात आणि फेरपालट. नेरिका भाताच्या जाती आहेत ना, त्या आफ्रिकन आणि आशियाई भाताच्या संकरातून आल्या, आयव्हरी कोस्टमधल्या बुआके इथे वार्डा संस्थेत, जिला आता आफ्रिका राइस म्हणतात. त्या कामासाठी माँटी जोन्स यांना २००४ चं जागतिक अन्न पारितोषिक चीनच्या युआन लाँगपिंग यांच्यासोबत मिळालं. त्यातल्या नेरिका १ आणि नेरिका १० या जातींवर स्ट्रायगाचा शिरकाव नीट होत नाही असं प्रयोगांत दिसलंय. त्यांच्या जोडीला मधे चवळी किंवा भुईमूग घ्या, ही पिकं त्याला जेवण देत नाहीत.

फडामात त्याचा एक चुलता आहे, राम्फिकार्पा, ओल्या पण सतत पाणी न साचणाऱ्या जागी येतो, पांढरं फूल रात्री उमलतं. त्याला यजमान नसला तरी उगवता येतं, म्हणून तो अजून चिवट. टांझानियाच्या क्येला भागात जे प्रयोग झाले त्यात एक नामी गोष्ट दिसली, खालच्या जमिनीत लवकर पेरलं की राम्फिकार्पा चुकतो आणि वरच्या जमिनीत उशिरा पेरलं की स्ट्रायगा कमी होतो. एकही पैसा न घालता, फक्त तारीख बदलून.

प्रश्न : भातातच जंगली भात उगवलाय, कांड्यांवरून पसरतो. कोणतं औषध?

उत्तर : उभ्या भातात कुठलंच नाही. कांड्यांवरून पसरतो म्हणजे ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा, तो भाताचा सख्खा, जे त्याला मारेल ते तुमच्या भाताला मारेल. कोरड्या हंगामात खोल नांगरून कांड्या हरमाटनच्या उन्हावाऱ्यात उघड्या टाका, पाऊस पडल्यावर नवीन फूट आली की पेरणीआधी ग्लायफोसेट, आणि त्या शेतात निदान एक-दोन वर्षं ओळीनं रोवणी करा म्हणजे ओळीबाहेरचं ते परकं हे डोळ्यांना कळेल. स्वतःच्या शेतातलं बी त्या प्लॉटमधून धरू नका.

प्रश्न : सर, माझे मिस्टर कानो राज्यात शेती कंपनीत आहेत, मी पण तीन वर्षं इथेच. फार्मवर तणनाशक मारायला लागल्यापासून निंदणीच्या बायका कमी केल्या, आणि फवारणारी मुलं उघड्या अंगानं, चपलांवर फवारतात. रिकाम्या बाटल्या धुऊन त्यातच पाणी-तेल भरतात. मी बोलले तर म्हणतात हे गवताचं औषध आहे, माणसाला काही होत नाही. मी काय करू शकते?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

"गवताचं औषध माणसाला काही करत नाही" हे वाक्य मी इकडेही ऐकलंय आणि तिकडेही, आणि ते खोटं आहे. पॅराक्वाटचा एक घोट पोटात गेला तर उतारा नाही, फुप्फुसं निकामी होतात. नायजेरियात नाफडॅकनं १ जानेवारी २०२४ पासून त्यावर बंदी घातली आहे. तुमच्या स्टोअरमध्ये जुना साठा असेल तर तो वापरात येऊ देऊ नका, मिस्टरांना आजच सांगा. आपल्याकडे २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल, कपाशीवर फवारताना किती शेतकरी-मजूर विषबाधेनं गेले. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नाही, पण उघडं अंग, उंच पीक, वाऱ्याविरुद्ध फवारणी, मास्क नाही, ती सगळी परिस्थिती तीच जी तुम्ही लिहिलीय.

चाळीस डिग्रीत पूर्ण प्लास्टिकचा सूट कोणी घालणार नाही, तो आग्रह धरला तर सगळंच सोडून देतील. म्हणून जे होऊ शकतं ते मागा, लांब बाह्यांचा जाड सुती शर्ट, लांब पँट गमबुटाच्या बाहेरून, रबरी हातमोजे, चष्मा. औषध ओततानाच जास्त धोका असतो कारण ते पाणी न घातलेलं असतं, तेव्हा तरी हातमोजे आणि चष्मा हवाच हवा. सकाळी फवारा, वारा पाठीवर ठेवा, गळका पंप दुरुस्त झाल्याशिवाय उचलू नका, मधे तंबाखू-कोलानट खाण्याआधी साबणानं हात. कपडे वेगळे धुवायचे, लहान पोरांच्या कपड्यांत नाही. रिकामी बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच टाकायचं आणि बाटलीला तिथल्या तिथे खिळ्यानं भोकं पाडायची. भोक पडलेली बाटली कुणी तेलाला नेत नाही. हा एक नियम तुम्ही एकट्या सुद्धा लावू शकता, स्टोअरमध्ये नवीन बाटली देताना जुनी भोकाची परत मागायची.

आता बायकांच्या कामाचं. याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. फर्तन्या, म्हणजे तिकडची छोटी हातकुदळ, घेऊन दिवसभर वाकून निंदणारी बाई आणि तिच्यासोबत शाळा बुडवून आलेली पोर, हे चित्र मला टिकावं असं कधीच वाटलं नाही. पण तो रोज गेला की घरात मीठ येत नाही हेही तेवढंच खरं. काही ठिकाणी मी पाहिलंय की ओळीनं पेरणी, टोकण, आणि ओळीतून ढकलायचं फिरतं कोळपं बायकांच्या गटाला शिकवून दिलं, काम अर्ध्या वेळात झालं आणि मजुरी एकरावर ठरली, दिवसावर नाही. औषधानंतर जी एक खुरपणी लागतेच ती बाहेरच्या टोळीला न देता त्याच बायकांना द्यावी, एवढं तरी तुमच्या मिस्टरांच्या हातात नक्की आहे.

प्रश्न : मी गोंदियाचा. आमच्याकडे मजूर मिळत नाही म्हणून रोवणी सोडून आवत्या, म्हणजे थेट पेरलेलं, धान करतोय. ह्या सगळ्यातलं आम्हाला काय उपयोगी?

उत्तर : बरंच. आवत्या केलं की तुम्ही रोवणीच्या धानाचं सगळ्यात मोठं संरक्षण सोडता, म्हणजे तयार पऱ्हे (रोपं) आणि उभं पाणी, आणि तुमची बांधी (धानाचं खाचर) पहिले महिनाभर सवानातल्या वरच्या जमिनीसारखीच वागते. म्हणून फेकण्याऐवजी ओळीत पेरा, पेरण्याआधी एक पाऊस अंगावर घेऊन उगवलेलं तण वखरानं मोडा, मग पेरा. पेंडीमिथॅलिनचं वर लिहिलेलं सगळं तसंच लागू. एकच औषध दर वर्षी मारू नका, बिस्पायरिबॅक सलग चार वर्षं मारलं की जे मरत नाही तेच बांधीत उरतं. आणि २,४-डी वापरणार असाल तर धानाला फुटवे चालू असताना, पोटरीच्या बरंच आधी, आणि शेजारी कपाशी, तूर किंवा टमाटे असतील तर अजिबात नको, वाऱ्यावर गेलेल्या थेंबानं शेजाऱ्याचं पीक वेडंवाकडं होतं आणि भांडण पोलिस पाटलापर्यंत जातं.

तुमच्या बांधीत आत्ता कोणकोणतं तण आहे त्याचे फोटो पाठवा, पान, खोड आणि मूळ उपटून, तिन्ही दिसतील असे. त्यावरून पुढच्या अंकात नेमकं सांगतो.